संप मिटेपर्यंत

बाबा "येतो" म्हणाले, तेव्हा रुपालीला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाला फोन लावला. तिने नकाराची सगळी तयारी करून फोन केला होता. ते "नको गो, माझं काय काम तिथे" म्हणतील, मग आपण ऑफिसात अजितला सांगू की बाबांची तब्येत बरी नाही, आणि विषय संपेल, असं तिने जिन्यात उभं राहून मनाशी जुळवलं होतं. वृत्तवाहिनीच्या या नोकरीत तिला कितीतरी वर्षं झाली होती. लालबागच्या घरापासून ऑफिस चालत येण्याच्या अंतरावर होतं, पण बाबा एकदाही तिथे आले नव्हते. गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या इमारतींकडे बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं, असं ती धरून चालली होती. आणि आज त्यांनी विषय काय, कुणाशी बोलायचं, हेही न विचारता "येतो" म्हणून टाकलं. वर म्हणाले, "निळा शर्ट घालू की पांढरा?" ती म्हणाली, "निळा." फोन ठेवून ती लहानपणी पालकसभेच्या दिवशी बसायची तशी जिन्यातच पायरीवर बसली.

विषय साऱ्या शहराच्या तोंडी होता. बाहेरच्या राज्यांतून कामाला येणाऱ्यांनी सरकारदरबारी नोंदणी करावी, आणि कारखाने, दुकानं, हॉटेलं यांनी आधी स्थानिकांना काम द्यावं, असं विधेयक विधानसभेत यायचं होतं. मंदी होती. परळच्या मॉलमधली निम्मी दुकानं कागद चिकटवून बंद झाली होती. रुपालीच्या खात्यात चार टेबलांवर आता कुणी बसत नव्हतं आणि त्या टेबलांकडे कुणी बघतही नव्हतं. चर्चेला पाहुणे जमवणं हे तिचं काम. दोन पक्षांचे प्रवक्ते ठरले होते, अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या. चौथे, एक म्हातारे कामगार पुढारी, दुपारी आजारी पडले. कार्यक्रमाचा निर्माता अजित तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुझे वडील गिरणीत होते ना? आण की त्यांना. खरा भूमिपुत्र. बोलतील ना?" ती म्हणाली, "फारसं बोलत नाहीत." अजित म्हणाला, "संतापून बोलले तरी चालेल. संतापूनच बोलू दे."

ती टॅक्सी घेऊन त्यांना आणायला गेली. आई, म्हणजे गंगुबाई, गॅलरीत उभी राहून बघत होती. वरूनच तिने विचारलं, "मोजे घातलास मां?" बाबांनी टॅक्सीत बसताना पँट जराशी वर ओढून मोजे दाखवले. दार लागतंय तोच ते पुढे वाकून टॅक्सीवाल्याला म्हणाले, "कुठले तुम्ही? कौनसा जिल्हा?" रुपालीने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न तिला तोंडपाठ होता. तिला आठवतंय तेव्हापासून बाबा प्रत्येक टॅक्सीवाल्याला, दूधवाल्याला, भेळवाल्याला तो विचारत आलेले. शाळेत असताना तिला त्याची फार लाज वाटायची, आणि पुढे कॉलेजात, चार गोष्टी वाचल्यावर, त्या लाजेला नाव मिळालं. समोरच्याला तू इथला नाहीस याची आठवण करून द्यायची ही रीत, असं ती एकदा त्यांना तोंडावर बोललीही होती. "प्रतापगड," टॅक्सीवाला म्हणाला. "जौनपूर के बाजू में?" बाबांनी विचारलं. "हां, लगा हुआ." मग सिग्नल-सिग्नलला अडकत सगळा रस्ताभर आंबे, नदीचं पाणी आणि पोरांच्या लग्नांविषयी दोघं बोलत राहिले, आणि उतरताना टॅक्सीवाल्याने त्यांना नमस्कार केला. रुपालीला वाटलं, हाच माणूस थोड्या वेळाने कॅमेऱ्यासमोर बसून या टॅक्सीवाल्याला परत पाठवा म्हणेल, आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगत वाटणार नाही. कारण घरी गॅलरीत उभं राहून, फुटपाथवर नवीन हातगाडी दिसली की, "कुठून कुठून येतात" हेही तेच म्हणायचे.

मेकअपच्या खुर्चीत त्यांनी न्हाव्याकडे बसावं तसे डोळे मिटले. पावडरचा फुगा गालावरून फिरला तेव्हा त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. ती जवळ उभी होती. वरून येणाऱ्या उजेडात त्यांच्या कानातले पांढरे केस दिसत होते, आणि तिला एकदम त्यांच्याविषयी इतकं वाटून आलं की तिने उगाच त्यांची कॉलर सारखी केली. संपानंतर गिरणी कायमची सुटली, मग कुठे वॉचमन, कुठे गोदामात, कुठे लग्नाच्या हॉलमध्ये मांडामांड, असं करत त्यांनी तिला वाढवलं होतं. त्या काळातलं तिला त्यांचं एकही वाक्य आठवत नाही. आठवतो तो त्यांचा खांदा. नरे पार्कातल्या गणपतीच्या गर्दीत त्या खांद्यावर बसून तिने सगळं बघितलं होतं. आता त्या खांद्यावरून एका मुलाने माइकची तार आत सोडली. बाबा म्हणाले, "गार लागते." मग तिच्याकडे बघून हळूच विचारलं, "हे कुठे कुठे दिसतं गो?" ती म्हणाली, "सगळीकडे. मोबाइलवर पण." "उत्तर प्रदेशात?" "दिसेल की. का?" "काय नाय," ते म्हणाले.

ती कंट्रोल रूममध्ये अजितच्या मागे जाऊन उभी राहिली. समोरच्या भिंतीवर निरनिराळ्या पडद्यांवर बाबा होते. एकात नुसता चेहरा, एकात टेबलाच्या टोकाला आखडून बसलेले, एकात पाठमोरे, आणि पाठमोरे असताना ते फार लहान दिसत होते. सूत्रसंचालक अनिमेष गिरगावातल्या जुन्या वकील घराण्यातला. त्याचं मराठी इस्त्री केल्यासारखं. त्याने सुरुवात केली आणि दोन्ही प्रवक्ते एकदम बोलू लागले. एक म्हणत होता, घरात दोन पोळ्या असतील तर आधी घरच्या मुलाला द्याल की पाहुण्याला. दुसरा म्हणत होता, तुमच्या राज्यात पोळ्या उरल्याच कुठे. प्राध्यापिकाबाई, मंदी ही माणसांनी येण्यामुळे होत नाही, ती ओसरली की हीच माणसं लागतात, असं काहीसं सांगू बघत होत्या, पण त्यांचा आवाज दोघांच्या मध्ये चेंगरत होता. बाबा मान वळवून जो बोलेल त्याच्याकडे आदराने बघत होते. जरा वेळाने सगळेच बोलायला लागले तेव्हा ते टेबलाकडे बघू लागले. रुपालीने हाताची मूठ तोंडावर धरली. तिला वाटलं, आत जावं, त्यांचा हात धरावा आणि घरी घेऊन जावं.

"दौलतराव," अनिमेष म्हणाला, "तुम्ही गिरणगाव जगलात. बाहेरून आलेल्या लोंढ्यांमुळे इथला मराठी माणूस देशोधडीला लागला. तुम्हाला हे पटतं? हो की नाही?"

बाबांनी घसा साफ केला. "माझा एक जोडीदार होता. शिवमुरत नावाचा. जौनपूरचा."

"हो की नाही, दौलतराव?"

"सांगतो. घाई आहे काय?"

प्राध्यापिकाबाई हसल्या. अजित पुटपुटला, "बोलू दे, बोलू दे, आत्ता आवाज चढेल."

पण त्यांचा आवाज चढला नाही. खोलीत जेवताना बोलावं त्या आवाजात बोलले. "साचेखात्यात आमचे साचे, म्हणजे माग, समोरासमोर होते. आवाज एवढा, की बोलता यायचं नाही. आम्ही ओठ बघून बोलायचो. तो हिंदीत, मी मराठीत. ओठावरून सगळं सारखंच कळतं. राहायला पण एकाच खोलीत. मग संप आला. पहिले काही महिने निघाले. मग खायचे हाल व्हायला लागले. माझ्या गावात खडक, त्याच्याकडे थोडी शेती होती. मी एक दिवस त्याला म्हटलं, शिवमुरत, तू जा. तो दुसऱ्या दिवशी गेला." ते थांबले. कुणीच मध्ये बोललं नाही. दोन्ही प्रवक्ते बहुधा ही गोष्ट आपल्या बाजूची निघते का याची वाट बघत असावेत. "मला म्हणायचं होतं, संप मिटेपर्यंत जा. पण ते संप मिटेपर्यंत माझ्या तोंडातून निघालं की नाही, ते मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. त्या दिवसांत नाक्यावर भाषणं व्हायची, ह्या बाहेरच्यांनी चालतं व्हावं म्हणून. त्याला वाटलं असेल, दौलत पण त्यांच्यातलाच."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की…" अनिमेषने सुरुवात केली.

"मी बघू कुठे?" बाबांनी विचारलं. "त्याला दिसायला." अनिमेषने, का कोण जाणे, हाताने कॅमेरा दाखवला. बाबा त्या कॅमेऱ्याकडे वळले. "शिवमुरत, हम दौलत बोल रहे हैं. लालबाग से. हमने जाओ बोला था. आने को मना नहीं किया था. खोली वही है. गंगू भी पूछती है." मग अनिमेषकडे बघून म्हणाले, "झालं."

रुपाली भिंतीला टेकली. प्रतापगड, जौनपूर के बाजू में, कौनसा जिल्हा. टॅक्सीवाले, दूधवाले, भेळवाले. ज्या प्रश्नाला तिने कॉलेजात शिकलेलं नाव दिलं होतं, तो हा माणूस आयुष्यभर एकाच उत्तरासाठी विचारत आला होता, आणि ती समोर उभी राहून त्याला शहाणपण शिकवत होती, तेव्हाही त्याने सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल? कदाचित तिने कधी विचारलंच नाही म्हणून. पडद्यांवर एव्हाना पुन्हा गलका उडाला होता. एक प्रवक्ता सांगत होता, बघा, दौलतरावांच्या बोलण्यातून सिद्ध होतं की मुंबईचं प्रेम आंधळं आहे म्हणूनच नोंदणी हवी. दुसरा सांगत होता, दौलतरावांनी या विधेयकाचा बुरखा फाडला. बाबा माइकची तार काढायचा प्रयत्न करत होते.

"हे काय होतं?" अजित खुर्ची फिरवून तिला म्हणाला. "मी चर्चा मागितली, तू निरोप आणलास." पण तो फारसा रागावला नव्हता. रागावलाय असं दाखवण्याइतपतच रागावला होता.

घरी आईने सगळं बघितलं होतं. तिने बाबांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि माशाचा मधला तुकडा वाढला. बाबा हात धुवायला उठले तेव्हा ती रुपालीला म्हणाली, "माझं लग्न होऊन मी या खोलीत आले ना, तेव्हा इथे पाच जण राहायचे. बाकीचे गाववाले. कुणाच्या डोक्यात आलं नाही. ह्या शिवमुरतने पहिल्या दिवशी स्वतःची वळकटी उचलली, बाकीच्यांच्या पण उचलल्या, आणि सगळ्यांना घेऊन गॅलरीत झोपायला गेला. दार ओढून घेतलंन. मी त्याच्याशी बोलले पण नव्हते तोवर." तिने माशाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "मी तेका कधी बोललंय नाय, पण माका तो भावासारखो." इतक्या वर्षांत रुपालीने हे कधी ऐकलं नव्हतं. ती त्या खोलीकडे, गॅलरीच्या दाराकडे बघत राहिली. याच खोलीत ती जन्मभर राहिली होती, आणि तरी ती खोली कुणाची होती, कुणी कुणासाठी रिकामी केली होती, हे तिला आज कळत होतं.

पुढे काही दिवस बाबा फोन वाजला की मान वर करायचे. मग करेनासे झाले. तेव्हाच एका सकाळी ऑफिसच्या नंबरावर फोन आला आणि तो रुपालीनेच उचलला. बाईचा आवाज होता, मुंबईचा, भरभर बोलणारा. "ते लालबागचे काका आले होते ना तुमच्याकडे, त्यांचा नंबर पाहिजे होता. मी सून बोलते. आमच्या बाबूजींना मोबाइलवर दाखवलं मी. तेव्हापासून नीट जेवत नाहीत. नुसते चिडचिड करतात." रुपालीने विचारलं, "तुम्ही जौनपूरहून बोलताय?" बाई हसली. "जौनपूर कुठलं? भायखळ्याला असतो आम्ही. मार्केटला बाबूजींचा गाळा आहे, आलं-मिरचीचा. किती वर्षं झाली."

भायखळा. लालबागहून बसने गेलं तर मध्ये दोन-तीन थांबे. रुपालीने गाळ्याचा पत्ता लिहून घेतला, सुट्टीच्या दिवशी बाबांनाच घेऊन येते म्हणाली आणि फोन खाली ठेवला. अजित मागून येत होता. बाबांची ती चित्रफीत बरीच फिरली होती आणि त्यामुळे त्याला नवी कल्पना सुचली होती. "तो शिवमुरत सापडला तर बघ. दोघांना समोरासमोर बसवू. एक इथला, एक तिथला. गळाभेट लाइव्ह, आणि मग विधेयकावर दोघांना विचारू. विधानसभेत मतदान आहे त्याच दिवशी." त्याच्या आवाजात खरा उत्साह होता, आणि तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर टांगती तलवार होती. तिला दिसलं ते टेबल, दिवे, गार तार शर्टाच्या आत सोडणारा हात, आणि दोन म्हातारे एकमेकांऐवजी कॅमेऱ्याकडे बघताना. "नाही सापडला," ती म्हणाली. अजित तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. त्या महिन्याच्या शेवटी तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. आणखीही काहींचं वाढवलं नाही. त्याचा संबंध तिच्या खोटेपणाशी होता की मंदीशी, हे तिने कधी विचारलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे तिला त्याची रुखरुखही लागली नाही.

पण त्याआधी, सुट्टीच्या दिवशी, ती बाबांना भायखळ्याला घेऊन गेली. कुठे जायचं ते तिने त्यांना आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "भायखळा म्हणजे, आपलं भायखळा?" आणि मग बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मार्केटात ओल्या पोत्यांचा, कोथिंबिरीचा, सडक्या कोबीचा वास होता. गल्लीच्या टोकाला आलं, लसूण, मिरच्या आणि लिंबांच्या ढिगामागे एक उंच, वाळकुडा म्हातारा बसला होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याने वर बघितलं. मग रुपालीच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचे ओठ हलतायत, आवाज न करता, आणि बाबांचेही. काय बोलले ते तिला कळलं नाही.

"बस," मग तो मोठ्याने म्हणाला आणि एक पालथा क्रेट पुढे सरकवला.

"कधी आलास परत?" बाबांनी विचारलं.

"सालभरात आलो. शेती भावांनी वाटून घेतली होती."

"मग लालबागला का नाय आलास?"

"तू जा बोलला होतास."

"अरे, मी…"

"ऐकलं. टीव्हीवर बोललास ते ऐकलं." शिवमुरतने मिरच्यांवर पाणी शिंपडलं. "आलो होतो मी. गणपतीत. दर साल येतो. दर्शन घेतो, तुझ्या चाळीखाली उभा राहतो, गॅलरीकडे बघतो, परत जातो. एकदा तुझी लडकी दिसली, इत्ती छोटी. ही काय?" रुपाली पुढे झाली आणि वाकली. त्याने ओला हात लुंगीला पुसून तिच्या डोक्यावर ठेवला. हात जड होता आणि त्याला लसणाचा वास येत होता.

बाबांनी समोरच्या ढिगातलं एक लिंबू उचललं, दाबून बघितलं, परत ठेवलं. अखेर म्हणाले, "तो कायदा आणतायत. तुझी काय ती नोंदणी मागतील. तू घाबरू नको. आम्ही आहोत."

"कशाला घाबरू?" शिवमुरत म्हणाला. "कायदा बरोबर आहे. पाहिजेच."

बाबा पुढे वाकले. "काय बोलतोस?"

"बघ ना तिकडे." त्याने हनुवटीने रस्त्याकडे दाखवलं. दोन-तीन हातगाड्या उभ्या होत्या. "कल का आया हुआ लोग. माझ्या तोंडासमोर उभे राहतात, निम्म्या भावात लिंबू देतात. मंदीत गिऱ्हाईक आधीच कमी. कुठून कुठून येतात."

"अरे, पण तू स्वतः कुठला?"

"मी भायखळ्याचा."

"आणि ती पोरं जगायची कशी? पोट नाय त्यांना?" बाबांचा आवाज चढला. त्या दिवशी अजितला हवा होता तेवढा. "तू काय आकाशातून पडलास इथे? मी काय पडलो? मी पण बोटीतून उतरलो तेव्हा भाऊच्या धक्क्यावर एक जण म्हणाला होता, आले अजून."

"तू लालबागमध्ये बसून बोल. इथे येऊन धंदा कर एक दिवस, मग बोल."

"करतो. सरक."

शिवमुरत खरंच सरकला. बाबा गाळ्यावर चढून त्याच्या शेजारी बसले, आणि भांडण पुढे चालू झालं, आता खांद्याला खांदा लावून. कधी हिंदी, कधी मराठी, वाक्य एकाने सुरू करावं आणि दुसऱ्याने तोडावं. रुपालीने बाबांना जन्मात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. स्टुडिओत प्रवक्ते म्हणाले होते जवळजवळ तेच मुद्दे होते, पण इथे एक जण बोलताना दुसरा त्याच्या तोंडाकडे बघत होता.

पिशवी घेतलेली एक बाई गाळ्याशी थांबली. थोडा वेळ तिने वाट बघितली. "कसलं भांडण?" तिने रुपालीला हळूच विचारलं.

"कायद्याचं," रुपाली म्हणाली.

बाई आणखी जरा ऐकत उभी राहिली. मग तिने ढिगातून आल्याचे दोन तुकडे निवडले आणि रुपालीपुढे धरले. "हे आज मिटायचं नाही. तूच तोलून दे."

रुपालीने दोघांच्या मधून हात घालून तराजू उचलला.